कागद हाच परीक्षक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दौलतगंज हे नावच दौलतराव शिंद्यांची आठवण देते. १८१० साली त्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि पुढे त्या तळाचेच शहर झाले. शिंद्यांच्या आश्रयाने येथे वसलेल्या मराठी कुटुंबांनी आपली भाषा राखली, सण राखले आणि सणांना लागणारी हातांची कामेही राखली. दिवाळीचा आकाशकंदील घरी बांधणे हे त्यांतलेच एक काम.

कामटी आणि रंगीत कागद यांवर मात्र या शहरात कोणा एकाच समाजाचा हक्क नाही. त्याच साहित्यातून मोहरमचे ताजिये उभे राहतात आणि पतंगही होतात. ग्वाल्हेर-उज्जैनकडील कारागीर तर रद्दी कागद भिजवून, कुटून, त्याच्या लगद्यातून पक्षी आणि मूर्ती घडवितात. मुलाच्या हाती कागद द्यावयाचा, तर अशा गावात गुरू फार दूर शोधावा लागत नाही.

हा गुरू सर्वांत अधिक उपयोगी पडेल तो शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलाला. काही घरांत मुलाच्या प्रकृतीमुळे, काही घरांत वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे, तर काही घरांत विचारपूर्वक हा मार्ग धरला जातो. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झालेल्या संस्थेमार्फत अशा मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षा देता येतात. परंतु ती परीक्षा पुढची. रोजच्या कामात बरोबर काय आणि चूक काय, हे मुलाला कोणी सांगावयाचे?

घरच्या शिक्षणातील खरी अडचण येथेच आहे. आई हीच शिक्षिका असते आणि आईची दृष्टी ममतेची असते. मुलाने काहीही पुढे केले, तरी "छान झाले" हे शब्द तिच्या तोंडून आपसूक निघतात. वडील कडक असले, तर नेमके उलटे होते. दोन्ही प्रकारांत मूल कामाकडे पाहावयाचे सोडून मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहावयास शिकते. कागदाला मात्र ममताही नसते आणि रागही नसतो.

जुन्या पद्धतीच्या आकाशकंदिलाचेच उदाहरण घ्यावे. त्याला सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या लागतात. चार-चार कामट्यांचे सहा चौरस बांधावयाचे. त्यांतील चार चौरस टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडला, की एक कडे होते. पाचवा चौरस वरच्या चार टोकांवर आणि सहावा खालच्या चार टोकांवर बांधला, की सांगाडा पुरा झाला. चौरसांच्या मध्ये आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कोणी वेगळे बांधलेले नसतात. एक कामटी अर्धे बोट आखूड पडली, तर चूक त्या क्षणी दिसत नाही. ती दिसते शेवटचा चौरस बांधताना, कारण त्याचे एक टोक काही केल्या जुळत नाही. मग मुलाला एकेक गाठ सोडीत मागे जावे लागते आणि चूक नेमकी कोठे झाली, हे स्वतःच शोधून काढावे लागते. हा धडा कोणत्याही लाल शाईच्या खुणेपेक्षा अधिक काळ टिकतो.

कागदाच्या घडीचेही असेच आहे. जर्मन शिक्षक फ्रोबेल यांनी एकोणिसाव्या शतकात लहान मुलांच्या शिक्षणात कागदाच्या घड्यांना स्थान दिले. त्यावरूनच मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांना कल्पना सुचली आणि १८९३ साली त्यांनी घड्यांच्या भूमितीवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्या वाटेने जाणारी एक घडी घरात सहज करता येते. चौरस कागदाची मधोमध घडी घालून ती उलगडावी. मग खालचा एक कोपरा स्थिर धरून, त्याच्या शेजारचा खालचा कोपरा त्या मधल्या रेषेवर नेऊन टेकवावा. जेथे तो टेकेल, तो बिंदू आणि खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कंपास नको आणि कोनमापकही नको. सारख्या लांबीची ती एकच कड फिरवली आहे, हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि सिद्धतेचे अर्धे काम तेथेच होते.

येथे मोठ्यांच्या हातून एक चूक फार सहज घडते. मूल झोपी गेल्यावर आई त्याच्या कंदिलाचा कललेला कोपरा सरळ करते, सुरकुतलेला कागद काढून नवा चिकटवते. पाहुण्यांनी नावे ठेवू नयेत, एवढाच तिचा हेतू. परंतु सकाळी मुलाला जो कंदील दिसतो, तो त्याचा राहिलेला नसतो. आपले काम घरात खपले नाही, एवढे मात्र ते न सांगता समजते. कारागिरांच्या घरात मुलाला उरलेला कागद आणि तुटकी कामटी मिळते. पण त्यातून त्याने जे केले, ते त्याचेच राहते.

कोणी म्हणेल, बाजारात तयार कंदील मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? बाजारचा कंदील घराबाहेर उजेड देईल, यात शंका नाही. पण चोवीस कामट्या सारख्या तोडण्यासाठी लागणारा धीर तो देणार नाही.

कागदालाही एक गोष्ट देता येत नाही, ती म्हणजे सोबत. घरी शिकणाऱ्या मुलाला हीच उणीव सर्वांत अधिक जाणवते. सुदैवाने कंदील एकट्याने बांधणे कठीणच असते. एकाने टोके धरावी लागतात आणि दुसऱ्याने दोरा आवळावा लागतो. तेव्हा खळ शिजवितानाच शेजारच्या दोन मुलांना हाक मारावी. हाताला खळ लागली, की ओळख व्हावयास वेळ लागत नाही.

दिवाळीच्या संध्याकाळी तो कंदील थोडा कललेला दिसेल. तो तसाच लावावा. कोणती कामटी आखूड पडली, हे घरात एका माणसाला नेमके ठाऊक असते. आणि पुढच्या वर्षी कामट्या मोजावयास तेच सर्वांच्या आधी बसते.