हिरवळ मरते कशाने?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात बागसमितीच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या आनंदात थोडा कामाचा विषय काढतो. येत्या सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हिरवळ काढून पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रस्ताव येतोय. कारणं दोन : हिरवळ फार पाणी पिते, आणि एवढं पिऊनही पिवळीच राहते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण जरा गंमत बघा. आपल्या हिरवळीचं गवत म्हणजे हरळी, गणपतीला वाहतो तीच दूर्वा. शेतकरी ती उपटून उपटून दमतो, तरी ती मरत नाही. मग आपल्याच अंगणात का मरते?

पहिलं कारण पाणी. कमी नव्हे, चुकीचं. आपल्या नळीने २० लिटरची बादली एका मिनिटात भरते. रोज अर्धा तास नळी चालते, म्हणजे आठवड्याला ४,२०० लिटर. हिरवळ आहे ४० फूट बाय २५ फूट. कडक उन्हाळ्यातही तिला आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरतं, म्हणजे सुमारे २,३०० लिटर. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस टँकर चुकला की गवत करपतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, सकाळी लवकर, सावकाश पाणी द्यायचं. नंतर मातीत स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. चार इंच सहज गेला, तर पाणी पोचलं.

दुसरं कारण कापणी. ‘एकदम बारीक कापा, महिनाभर बघायला नको,’ असं आपणच माळीमामांना सांगतो. गवताचं अन्न पानात तयार होतं. पानच ठेवलं नाही तर मुळं जगणार कशावर? नियम सोपा आहे : एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. तीन इंच वाढलं की दोन इंचांवर आणायचं. पावसाळ्यात त्यासाठी मशीन दर आठवड्याला फिरवावं लागेल.

तिसरं कारण आपले पाय. गेटपासून बी विंगपर्यंतची पायवाट कोणी मुद्दाम पाडली नाही, पण मोडणारही कोणी नाही. तिथे पाटी लावू नका, अंतराअंतराने फरशा टाका. आणि गणपतीचा मांडव निघाला की दाबलेल्या मातीत बागेच्या काट्याने दर चार बोटांवर भोकं पाडून वर अर्धा इंच चाळलेलं कंपोस्ट पसरायचं. आपल्याच ओल्या कचऱ्याचं खत आपल्याकडे पोत्यांनी पडून आहे!

पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवत सतरंजीसारखं हातात उचलून आलं, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या अळ्या मुळं खात आहेत असं समजा. तेव्हा पाणी वाढवून उपयोग नाही. लगेच समितीला कळवा.

आता एक कबूल करायला हवं. गुलमोहराखाली, बी विंगच्या सावलीत, हरळी येणार नाही. तिला दिवसाला निदान सहा तास ऊन लागतं. दरवर्षी तिथे नवीन गवत लावणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तेवढ्या पट्ट्यात नेचे आणि सिंगोनियम लावू या.

पेव्हर ब्लॉकला पाणी घालावं लागत नाही, हे खरं. पण एक इंच पाऊस पडला की याच जागेवर २,३०० लिटर पाणी येतं. आज त्यातलं बरंचसं मुरतं. उद्या ते पार्किंगमधून वाट काढील, आणि बोअर आटला म्हणून आपणच सभेत बोलू. शिवाय दुपारी तापलेल्या ब्लॉकवर रांगतं मूल ठेवता येत नाही, आणि संध्याकाळी चप्पल काढून चालणारे आपले आजी-आजोबा तिथे चालणार नाहीत.

म्हणून विनंती एवढीच : हा प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकला. जून तोंडावर आहे. हरळी सावरायला याहून चांगले दिवस नाहीत. पाण्याचा हिशेब बागसमिती दर महिन्याला फलकावर लावील. वर्षभराने पाणीही कमी झालं नाही आणि हिरवळही सुधारली नाही, तर पेव्हर ब्लॉकच्या बाजूने पहिला हात मी वर करीन.