लेखणीपूर्वी हाताची तयारी



मूल बालवर्गात आले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गुरुजी, पोर लिहू कधी लागणार?" त्यामुळे आपणही उतावीळ होतो आणि चार वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी-पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेतो. मूल पेन्सिल मुठीत आवळते, अक्षर वेडेवाकडे येते आणि आपण रागावतो. शाळेची धास्ती मनात बसते ती येथेच. वस्तुतः दोष मुलाच्या बुद्धीचा नसतो. त्याचा हात अद्याप तयार झालेला नसतो.

मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मसमयी ती कूर्चेची असतात व बालपणात क्रमाक्रमाने कठीण होतात. हातावरचा ताबाही साधारणपणे आधी खांद्याचा, मग कोपराचा आणि शेवटी बोटांचा येतो. हा क्रम उलटा करू पाहणे व्यर्थ होय.

डॉ. माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. तेथे मुले लिहिण्यापूर्वी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. शंखशिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूंतून साधने होऊ शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. अनुताई वाघ यांनी तेच कार्य पुढे नेले.

आपल्या गावीही साधनांस तोटा नाही. आरंभी ओली माती मळणे, तिचे गोळे व वळ्या करणे. त्याने तळहातास बळ येते. नंतर जुने कागद फाडणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, मिसळलेले चिंचोके व खडे वेगळे करणे. त्यापुढे वाळलेल्या पपईच्या देठाचे तुकडे दोरीत ओवणे, चिमटीने रांगोळीचे ठिपके घालणे, सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावणे. शेवटी वाळूत बोटाने रेषा व वळणे काढणे.

दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. लहान बिया व दाणे मुले नाकातोंडात घालतात, म्हणून अशा खेळाच्या वेळी शिक्षकाने जवळच बसावे. आणि जे मूल डाव्या हाताने काम करते, त्याचा हात बदलू नये.

अंगठा, तर्जनी व मधले बोट एकत्र काम करू लागली की खडूचा आखूड तुकडा द्यावा. आपण टाकून देतो तोच तुकडा येथे उपयोगी पडतो. तो मुठीत नीट धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

पालकांनी विचारल्यास मुलाने ओवलेली माळ त्यांच्या हाती द्यावी आणि सांगावे, "याचे लेखन सुरू झाले आहे."