दाखवायचं घर



गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत खोली विकायची म्हटली की पहिला प्रश्न निघतो भावाचा आणि दुसरा मालकाच्या वाट्याचा. खोली दाखवायची कशी, हे आठवतं ते गिऱ्हाईक जिना चढायला लागल्यावर! मग एकच धावपळ. गाद्या पलंगाखाली ढकलायच्या, दोरीवरचे कपडे ओढून घ्यायचे, मोरीचा पडदा सरकवायचा. कविता लिहिणाऱ्या माणसाला यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. पण माझं बालपण परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेलं, आणि नात्यातल्या, ओळखीतल्या पाच-सहा खोल्यांचे व्यवहार होताना मी तिथे हजर होतो. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

आधी आपण विकतो काय, ते पाहू. आपल्या भागातल्या कितीतरी जुन्या खोल्या पागडीच्या. भिंती मालकाच्या, आपला हक्क भाडेकरूचा. १९४७च्या भाडे कायद्याखाली पागडी घेणं गुन्हा होता, तरी व्यवहार चालूच होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५६ने भाडेहक्क दुसऱ्याच्या नावे करताना पैसे घेण्याला मान्यता दिली. मालकाची संमती लागते आणि त्यापोटी साधारण एक तृतीयांश रक्कम त्याला देण्याची रीत आहे. म्हणून घर आवरण्याआधी कागद आवरावेत. भाडेपावत्या, वीजबिल, मूळ भाडेकरू हयात नसेल तर वारसाची कागदपत्रं, असं सगळं एका फाइलीत लावून ठेवावं. गिऱ्हाईक भिंत बघून खूश होतं, पण पैसे काढतं ते पावती बघून.

काही जण म्हणतात, आता खोली कोण बघतो? लोक पुनर्विकासाच्या आशेवर घेतात. आशा खोटी नाही. वरळीच्या बीडीडी चाळी सरकारी. तिथे १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. पण भूमिपूजन झालं २०१७ साली आणि पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५मध्ये. मध्ये गेली आठ वर्षं! खासगी चाळीत किती जातील, हे कुणी लिहून देत नाही. तोवर घेणाऱ्याला याच खोलीत स्वयंपाक करायचा आहे, मुलांचा अभ्यास घ्यायचा आहे, म्हाताऱ्या आईला झोपवायचं आहे. तेव्हा खोली बघितली जाते, आणि नीट बघितली जाते.

मग तयारी कशी करावी? पहिलं काम, खोली रिकामी करणं. एकशेवीस चौरस फुटांत तीन पिढ्यांचं सामान असतं. पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेट्या, तांब्या-पितळेची भांडी, कुणाच्या तरी शाळेची पुस्तकं. आपल्याला ते सामान म्हणून दिसतच नाही, घेणाऱ्याला मात्र त्याखेरीज काही दिसत नाही. पोटमाळा म्हणजे चाळीतली दुसरी खोली. तो उतरवून, पुसून, वर दिवा लावून दाखवावा. सामान नातेवाइकांकडे हलवा, जे नको ते भंगारात द्या. नवं फर्निचर आणायची काही गरज नाही.

दुसरं, वेळ. गल्लीतल्या खोलीत उजेड दिवसातून दोन-तीन तास येतो. त्या वेळेला गिऱ्हाईक बोलवा, खिडकीपुढचं कपाट हलवा. एकदा पाण्याच्या वेळेलाही येऊ द्या. नळाला धार किती येते हे डोळ्यांनी पाहिलं की शंभर प्रश्न मिटतात. गॅलरी आणि संडास सामाईक, त्यामुळे ते साफ करायला शेजाऱ्यांना बरोबर घ्यावं लागतं. चाळीत अर्धं घर शेजाऱ्यांच्या हातात असतं. तुमच्या गिऱ्हाइकाला पहिला पाण्याचा पेला बहुधा तेच देतात.

तिसरं, भिंती. जुन्या चाळींच्या भिंती चुन्याच्या, तुळया लाकडाच्या. ओल असलेल्या चुन्याच्या भिंतीवर चकचकीत ऑइलपेंट मारला की पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यापेक्षा सुटलेला गिलावा खरवडून, भिंत वाळू देऊन, किंचित नीळ घातलेला चुना मारावा. खर्च कमी आणि खोलीत उजेड जास्त.

आता मुद्द्याचं बोलतो. लालबागमध्ये आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत. गिरणी कामगाराच्या विधवा. मुलानं बदलापूरला फ्लॅट बघितला, त्यासाठी खोली काढली. मोरीलगतची भिंत वरच्या मजल्यावरच्या गळतीनं ओली. एजंट म्हणाला, ‘प्लायवूड ठोका, वर वॉलपेपर लावा, महिनाभर कळायचं नाही.’ मावशी मला म्हणाल्या, ‘अरे बाबा, पावसाळ्यात तो माणूस मला शिव्या देईल. त्या मला ऐकू येणार नाहीत, पण लागतील.’ त्यांनी कपाट बाजूला घेतलं, भिंत उघडी ठेवली आणि येईल त्याला गळती कुठून होते ते दाखवलं. पहिली दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसऱ्यानं दुरुस्तीचा खर्च धरून भाव पाडला, आणि घेतली. पैसे कमी आले हे खरं. मुलगा काही दिवस कुरकुरत होता.

लहानपणी आमच्या घरात पैगंबरांची एक गोष्ट सांगत. बाजारात धान्याची रास होती. त्यांनी आत हात घातला तर दाणे ओले लागले. विकणारा म्हणाला, पावसानं भिजलं. त्यांनी विचारलं, मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसेल असं? कायदाही हेच सांगतो. मालकीच्या घराच्या विक्रीत, आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५नं बंधनकारक केलं आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, तिथे सॅम्पल फ्लॅट दाखवतात. आखूड पलंग, मोठाले आरसे, दिवेच दिवे. त्या नमुन्यावर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १२मध्ये आहे. मोठ्यांना लागू आहे ते आपल्याला सोडून कसं चालेल?

आमची परळची खोली दिली तेव्हाची गोष्ट. एजंटानं सुचवलं, भिंतीवरची मक्केची तसबीर उतरवा आणि दारावरची नावाची पाटीही काढा. अम्मीनं तसबीर उतरवून कापडात गुंडाळली. रिकाम्या भिंतीवर येणाऱ्याला आपला देव्हारा मांडून बघता यावा, हे तिला पटलं होतं. पाटी मात्र तिनं हलू दिली नाही. म्हणाली, ‘कुणाकडून घेतोय हे त्याला कळू दे.’ पाटी वाचून खालच्या जिन्यावरूनच परतलेले लोक मी पाहिले. पाटी वाचून वर आलेलेही पाहिले. त्यांतल्याच एकाला खोली गेली, आणि त्याच्या बायकोनं अम्मीकडून खिम्याच्या करंज्यांची कृती लिहून घेतली.

म्हणजे मोकळं करणं वेगळं आणि लपवणं वेगळं. अडगळ काढा, उजेड येऊ द्या, भिंत स्वच्छ करा. ओल असेल ती दाखवा, नाव असेल ते राहू द्या.

आणि एक छोटं काम शेवटच्या दिवसाचं. चावी देताना एक बल्ब लावलेला ठेवा आणि पाण्याचा एक हंडा भरून ठेवा. नवं बिऱ्हाड बहुतेक संध्याकाळी येतं, आणि नळाला पाणी सकाळी असतं.