अभ्यास पोरांचा, कागद आपले



डॉक्टर व्हायचं म्हणून आपली पोरं रात्ररात्र जागतात. 'नीट'च्या 720 गुणांपैकी 360 एकट्या जीवशास्त्राचे. 2017 पासून प्रश्नपत्रिका मराठीतूनही मिळते. तेव्हा भ्यायचं नाही. पण गुण असूनही राखीव जागा हातची जाऊ शकते, ती जात वैधता प्रमाणपत्रावाचून. 1990 साली केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या. मात्र पुरावा मागतात 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला शोधा. ते शाळेत गेलेच नसतील, तर कोतवाल बुकातली नोंद पाहा. सुट्टीत गावी जाल तेव्हाच हे काम उरका. लेक बारावी सायन्सला गेली की कॉलेजमार्फत अर्ज करा, निकालाची वाट पाहू नका. अर्ज भरायला आम्ही विहारात बसू. अभ्यास पोरं करतील. कागद आपण शोधू.

जयभीम! नमो बुद्धाय!