काम बाहेर, जाण घरात



शेतकरी आपला नांगर स्वतः करीत नसे. तो सुताराकडून करून घेई, फाळ लोहाराकडून पाजवून आणी. तेव्हा काम बाहेर देण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. पण नांगर जमिनीत घातला, की तो किती खोल जातो, बैलांना जड होतो की काय, हे शेतकऱ्याला पहिल्याच तासाला कळे. कसब सुताराचे आणि पारख शेतकऱ्याची, अशी ती वाटणी होती. आज मी ज्या वादाविषयी बोलणार आहे तो नांगराचा नाही, संगणकाच्या सॉफ्टवेअरचा आहे. पण मुळातला प्रश्न हाच आहे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय? संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे, याचा लिहून ठेवलेला हुकूम. डेअरीत दुधाची फॅट लागली की लिटरचा दर आपोआप निघतो. तो दर कसा काढायचा हे कोणीतरी आधी बसून लिहिलेले असते. हे लिहिणारा माणूस डेअरीत बसलेला असण्याची गरज नाही. तो पुण्यात असेल, परदेशातही असेल. आपले काम असे बाहेरच्याकडून करून घेणे, मग तो आपल्या देशातला असो की दुसऱ्या, याला आउटसोर्सिंग म्हणतात.

या धंद्यात आपल्या महाराष्ट्राचा हात पहिल्यापासून आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी १९६८ साली मुंबईत निघाली, आणि पुढच्या दशकात तिने अमेरिकेच्या बरोज कंपनीसाठी काम सुरू केले. निर्यातीसाठी अंधेरीला सीप्झ हा खास विभाग १९७३ साली उघडला. इन्फोसिसची नोंदणी १९८१ साली पुण्यात झाली. ती बंगळूरला गेली ती नंतर. मग सन २००० जवळ आले. जुन्या संगणकांत वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहीत. त्यामुळे २००० आणि १९०० यांत घोटाळा होणार होता. जगभरचे ते जुने हुकूम ओळीन् ओळ तपासण्याचे किचकट काम आपल्या मुलांनी मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्यांच्या हातावर जगाचा विश्वास बसला.

इकडे आनंद झाला, तसा तिकडे राग आला. २००४ हे अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष होते. अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख ग्रेगरी मॅन्क्यू यांनी त्या फेब्रुवारीत सांगितले, की परदेशातून काम करून घेणे हा व्यापाराचाच एक नवा प्रकार आहे आणि पुढे जाऊन त्यात देशाचा फायदाच आहे. झालं! विरोधकांनी तर टीका केलीच, पण त्यांच्या स्वतःच्या पक्षानेही त्यांना फटकारले. त्याच वर्षी पॉल सॅम्युएल्सन या ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञांनी एका लेखात दाखवून दिले, की ज्या कसबावर एक देश पोट भरतो त्याच कसबात दुसरा देश तरबेज झाला, तर पहिल्याचा व्यापारातला लाभ कायमचाही घटू शकतो. म्हणजे नोकरी गेलेल्या माणसाची तक्रार ही नुसती रडकथा नव्हती. आपल्या घरी दिवा लागला म्हणून दुसऱ्याच्या घरचा अंधार खोटा ठरत नाही.

परंतु या वादात एक गोष्ट मागे पडते. काम कोणाकडे गेले, याचा हिशेब सगळे मांडतात. कामाबरोबर जाण गेली की काय, हे कोणी विचारीत नाही. याचे एक उदाहरण कॅनडा देशातले आहे, आणि ते पगाराचे असल्यामुळे शिक्षक बंधुभगिनींना चटकन उमजेल.

कॅनडाच्या केंद्र सरकारचे सुमारे २ लाख ९० हजार नोकर. त्यांच्या पगाराची जुनी पद्धत बदलून ‘फिनिक्स’ नावाची नवी संगणक-व्यवस्था आणायचे ठरले. ती उभारण्याचे कंत्राट २०११ साली आयबीएम कंपनीला दिले. दरसाल ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. निरनिराळ्या खात्यांत पगाराचे काम पाहणारे सुमारे १,२०० जाणते कारकून होते. त्यांच्या जागा काढून टाकल्या आणि मिरामिशी नावाच्या एका लहान गावी ५५० माणसांचे एक केंद्र काढले.

२०१२ साली कंपनीने सांगितले, की याला २७ कोटी ४० लाख डॉलर लागतील. मंजूर होते १५ कोटी ५० लाख. तेव्हा अधिकाऱ्यांनी काय करावे? जादा पैसे मागावेत, नाहीतर थांबावे. त्यांनी तिसरेच केले. व्यवस्थेतली शंभराहून अधिक कामे गाळून टाकली; मागील थकबाकीचा हिशेब काढण्याची सोय त्यांतच गेली. एखाद्या खात्यात आधी चालवून पाहण्याचा बेतही रद्द केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये व्यवस्था सुरू झाली. कोणाला पगार कमी, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही! जून २०१७ पर्यंत दीड लाखांहून अधिक नोकरांच्या पगाराच्या तक्रारी तुंबल्या होत्या, आणि चुकीच्या रकमांचा आकडा ५२ कोटी डॉलरच्या वर गेला होता. तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ साली या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटले.

आता तुम्ही म्हणाल, सल्लागार कुठे होते? होते तर! व्यवस्था सुरू करण्यापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांकडून दोन अहवाल घेतले गेले. पहिल्या वेळी काय विचारायचे आणि कोणाला विचारायचे, हे पगाराची व्यवस्था आणणाऱ्या खात्यानेच ठरवून दिले. सर्व ठीक आहे असे उत्तर आले. दुसरा अहवाल सरकारच्या दुसऱ्या एका कार्यालयाने मागवला. त्यात धोके स्पष्ट दाखवले होते. तरीही गाडी थांबली नाही.

यात केवळ कंपनीला दोष देऊन भागणार नाही. तिने खर्चाचा आकडा सांगितला होता. बाहेरच्या माणसाला आपण विचारू तेवढेच तो सांगतो, आणि आपण मागू तेवढेच करून देतो. काय मागायचे हे ज्यांना ठाऊक होते, त्या बाराशे कारकुनांनाच घरी पाठवले होते. रजेवर गेलेल्याचा पगार कसा कापायचा, बढतीचा फरक कोणत्या तारखेपासून धरायचा, या खाचाखोचा पुस्तकात सापडत नाहीत. वर्षानुवर्षे पगारपत्रक करणाऱ्याच्या बोटांवर असतात. पाणाड्याला बोलवायला हरकत नाही, श्रोतेहो. पण आपल्या शिवारात पाणी कुठे लागले आणि कुठे विहीर कोरडी गेली, हे सांगणारा म्हातारा शेजारी उभा असावा. विहीर कोरडी लागली तर पाणाड्या आपली दक्षिणा परत करीत नाही. कर्ज आपल्याच डोक्यावर राहते.

हे कॅनडाचे झाले, आपल्याला त्याचे काय? आहे ना! देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचा कारभार संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली. आपल्या गावची विकास सोसायटी ही त्याच जातीची संस्था. आजोबांच्या काळापासूनचे पीककर्जाचे हिशेब वह्यांतून संगणकात जायचे, म्हणजे बाहेरचे लोक येणार. त्यांना येऊ द्यावे. हाताने व्याज काढण्यात कसला मोठेपणा आहे? मात्र तीन गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली, रोजकीर्द आणि खतावणी ज्याला तोंडपाठ आहे असा एक तरी माणूस त्या कामात बसवावा, आणि त्याच्याजवळ एखादा तरुण शिकायला द्यावा. दुसरी, निदान काही महिने जुनी वही आणि नवा संगणक दोन्ही चालू ठेवून बाकी जुळते का पाहावे. जुळेपर्यंत वही मिटू नये. तिसरी, सल्लागाराला विचारताना आपल्याला हवे ते उत्तर त्याच्या तोंडी घालू नये, आणि त्याने नको असलेले सांगितले तर ते सभेत मोठ्याने वाचून दाखवावे.

आणि शिक्षकांना एक विनंती. मुलांना संगणक जरूर शिकवा; पण यंत्राने दिलेले उत्तर बरोबर कशावरून, हे विचारायलाही शिकवा. वर्गातल्या एखाद्या मुलीने वडिलांच्या कर्जाची पावती घरी नेऊन त्यावरचे व्याज पाटीवर काढून पाहिले आणि ते चुकलेले सापडले, तर तिच्यापुढे मोठमोठ्या सल्लागारांना खुलासा करावा लागेल.