पाड्यावरच्या ज्ञानाला वर्गात जागा हवी
(स्वागताध्यक्षीय भाषण, गंगापूर रोड, नाशिक)





नाशिकमध्ये स्वागताला उभे राहिले की पंचवटी, रामकुंड, काळाराम यांचे नाव घेण्याची रीत आहे. मीही घेतो. काळारामाचे नाव घेताना 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी सुरू केलेला सत्याग्रहही आठवतो. दार उघडा, एवढेच त्या माणसांचे म्हणणे होते आणि त्यासाठी ते पाच वर्षे झगडले.

पण आज आपण ज्या रस्त्यावर जमलो आहोत, त्याच्याविषयी थोडे बोलू द्या. गंगापूर रोड हा नाशिकचा शिक्षणाचा रस्ता आहे. 1914 साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे मोठे काम इथेच उभे राहिले. उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला 1920 साली राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते बसली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर तो शिकेल, हा त्यामागचा साधा विचार होता आणि तो खरा ठरला. याच रस्त्याने पुढे धरणाकडे गेलात की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. कॉलेजात पाऊल ठेवू न शकलेल्यांसाठी 1989 साली ते सुरू झाले.

रस्ता तिथे संपत नाही. धरण ओलांडून तो गिरणाऱ्याला जातो आणि तिथून हरसूल, पेठच्या डोंगरांकडे चढतो. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या हंगामात गिरणाऱ्याच्या नाक्यावर पहाटे जाऊन पाहा. डोंगरातून उतरलेली माणसे कामाची वाट पाहत उभी असतात, काहींची लेकरेही सोबत असतात. ज्या पाण्यावर नाशिक शहर जगते ते पाणी आणि ज्या हातांवर आपल्या बागा पिकतात ते हात, दोन्ही एकाच दिशेने येतात. त्या माणसांना पावसाचे, मातीचे, बियाण्याचे, रानाचे जे कळते, ते मात्र या रस्त्यावरच्या एकाही संस्थेच्या परीक्षेत कधी विचारले गेलेले नाही. शाहू महाराजांनी आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी मुलाला आत घेतले. त्या मुलाला आधीपासून येत होते ते आपण उंबऱ्याबाहेर ठेवले. ते आत आणण्यासाठी ही परिषद बोलावली आहे.

2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात पंधरा लाखांहून अधिक आदिवासी राहतात. म्हणजे दर चार माणसांत एक. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर, कातकरी अशा समाजांची मुले आश्रमशाळांत शिकतात. आश्रमशाळांविषयी मी कृतज्ञतेनेच बोलणार आहे. दादासाहेब बिडकरांच्या डांग सेवा मंडळाने रस्ते नव्हते त्या काळात डोंगरात शाळा नेली. त्या शाळा नसत्या तर आज या सभागृहातले कितीतरी शिक्षक इथे बसलेले नसते.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शाळेचे वर्ष आणि डोंगराचे वर्ष यांची गाठ पडत नाही. जूनच्या मध्याला शाळा भरते आणि मूल वसतिगृहात जाते. नेमकी तेव्हाच पेरणी, मग आवणी म्हणजे रोपांची लावणी, मग रानभाज्यांचे दिवस. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव येतो, माउल्या म्हणजे व्रत घेतलेले भक्त गावोगाव फिरतात, रात्र रात्र कथा चालते, तेव्हा मूल सहामाहीचा निकाल घेऊन दुसऱ्या सत्रात अडकलेले असते. हे ज्ञान पुस्तकात नाही. ते हंगामात, हाताने आणि कोणाच्या तरी मागे चालत शिकायचे असते. दहा वर्षे हंगाम चुकला की शिकणे चुकलेच. मग आपणच म्हणतो, नव्या पिढीला काही येत नाही.

काय चुकते ते एका भाजीवरून सांगतो. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला हरसूलच्या बाजारात शेवळे येतात. शेवळ्याच्या जुडीशेजारी काकडाची हिरवी, आवळ्याएवढी फळे मांडलेली असतात आणि बाई दोन्ही मिळूनच देते. शेवळे तसेच शिजवून खाल्ले तर घसा असा खाजतो की पाणीसुद्धा गिळवत नाही. आतला पिवळसर भाग काढून टाकायचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर परतायचे आणि काकडाच्या आंबट रसात चांगले शिजवायचे. ‘काकड नसला तं चिंच घाला, पन आंबट पायजेच,’ असे मला त्या बाजारात एका बाईंनी बजावले होते. त्यांच्याजवळ नववीतली नात बसली होती. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आम्ल आणि आम्लारी हा धडा त्या मुलीच्या पुस्तकात होता. आजीच्या हातात त्याच धड्याचा प्रयोग होता, आणि दोघींमधले अंतर जेमतेम हातभर. ते अंतर ओलांडायचे काम शिक्षकाचे, आणि शिक्षकाला ते करता यावे अशी व्यवस्था उभी करायचे काम आपले. कडूकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, कडूपणा धुऊन काढतात, तेव्हाच ते खाता येतात. हेही विज्ञानच आहे, आणि भुकेच्या दिवसांत माणसे जगवणारे विज्ञान आहे.

नागलीचा राब, म्हणजे रोपांसाठी वाफा भाजणे, घ्या. शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्यांची कवळ, गवत यांचे थर देऊन वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, सावकाश चालते. तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राख खत होते. आता यात फांद्या तोडल्या जातात, धूर होतो, म्हणून शेतीतले जाणकार दुसरे उपाय सुचवतात. त्यांचेही ऐकले पाहिजे. पण हा वाद आठवीच्या वर्गात का होऊ नये? अर्ध्या वाफ्यात राब भाजावा, अर्ध्यात भाजू नये, दोन्हीकडची रोपे आणि तण मुलांनी मोजावे. शेतकऱ्याच्या मुलाला शास्त्रज्ञ करायला याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्या अंगणात गेल्या, गुरांमागे असलेल्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. आज देशभर अंगणवाडी आहे, तिच्या मुळाशी वारली पाड्यावरचे हे काम आहे. शिकवणाऱ्याने मुलाच्या जगात आधी पाऊल टाकायचे, हे त्यांनी करून दाखवले. आपण त्यातले अंगण घेतले, कुरण विसरलो.

आणि आपण काय केले? शाळांच्या भिंतींवर वारली चित्रे रंगवली. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, जगाने त्यांची कला डोक्यावर घेतली, याचा मला अभिमान आहे. पण लग्नघरात सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघाट देवी का असते, हे भिंत रंगवणाऱ्या शाळेत कोणी सांगत नाही. पाहुणे आले की मुलांना तारपा नाचायला उभे करतात, पाहुणे गेले की तारपा कपाटात. मला याचे मनापासून वाईट वाटते. संस्कृतीला स्वागतापुरते बोलावणे आणि तासाला बाहेर काढणे, याने मूल एकच धडा शिकते: आपले घरचे ते करमणुकीचे, खरे ज्ञान दुसरीकडचे.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात भारतीय ज्ञानाचा जो उल्लेख आहे, त्यात आदिवासी ज्ञान स्पष्ट शब्दांत आहे. अभ्यासक्रम करताना मात्र ग्रंथांतले ज्ञान पुढे येते आणि ज्यांच्याकडे ग्रंथ नव्हते ते मागे राहतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावठी बियाणे जपले आणि 2020 च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. भारतीय ज्ञानाच्या व्याख्येत त्या बसत नसतील, तर ती व्याख्या दुरुस्त करायला हवी.

एक सावधगिरी. जुने ते सगळे खरे, असे ही परिषद म्हणणार नाही. साप चावला तर भगताकडे नव्हे, दवाखान्यातच न्यायचे, प्रतिसर्पविष द्यायचे, हे पाड्यावरच्या प्रत्येक मुलाला पाठ हवे. परंपरेचा आदर करायचा म्हणजे तिला प्रश्न विचारायचेच. ज्या ज्ञानाला आपण प्रश्न विचारत नाही, त्याला आपण वर्गात घेतलेलेच नसते.

स्वागत समितीने तीन गोष्टी चर्चेसाठी पुढे ठेवल्या आहेत. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्याच शहरात आहे, तेव्हा ठराव तिथे नेऊन देणे अवघड नाही. पहिली, आश्रमशाळांच्या सुट्ट्या त्या त्या भागाच्या हंगामाप्रमाणे ठरवाव्यात. आवणीचा आठवडा हा शिकण्याचाच आठवडा धरावा. दुसरी, 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे. ती आठवी-नववीच्या मुलांनी गावातल्या जाणत्यांबरोबर रान फिरून भरावी आणि त्याला गुण असावेत. ते ज्ञान गावाचे आहे, म्हणून नोंदवहीही गावातच राहील.

तिसरी माझ्या सर्वात जवळची. गावातल्या जाणत्या आजी-आजोबांना शाळेत शिक्षक म्हणून मानधनावर बोलवावे. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची भाषा बुडत चालली, तेव्हा 1982 पासून त्यांनी ‘कोहांगा रेओ’ नावाच्या बालवाड्या सुरू केल्या आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हाती लहान मुले दिली. भाषा पुन्हा मुलांच्या तोंडी आली. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम 350 अ मध्ये मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे 1956 पासून लिहिलेले आहे. पहिलीच्या वर्गात कोकणा किंवा वारली बोलणारी एक आजी बसली, तर बाईंचे निम्मे काम हलके होईल आणि मुलाचे रडणे थांबेल.

आज दुपारच्या जेवणात नागलीची भाकरी, उडदाचे भुजे आणि खुरासणीची चटणी आहे. मागच्या दालनात बियाण्यांच्या कणग्या मांडल्या आहेत. पाड्यांवरून आलेल्या आज्या दोन ते चार या वेळात तिथे बसतील. प्राध्यापक मंडळींना विनंती, तेव्हा त्यांना काही समजावून सांगू नये, वही घेऊन खाली बसावे आणि विचारावे. दूरच्या पाहुण्यांची राहण्याची सोय जवळच केली आहे. काही अडचण आली तर स्वागत समितीच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आता उद्घाटकांना बीजपूजन करण्याची विनंती करतो.