पोटाचं ऑपरेशन आणि आपली खुर्ची

दंतवैद्य मित्रहो,

बीदरच्या या सभेसाठी भालकी, औराद, बसवकल्याणची मंडळी पहाटेच निघाली. गुलबर्गेकर (कागदावर २०१४ पासून कलबुर्गी, तोंडात अजून गुलबर्गाच) रेल्वेने आले. २०१७ साली हा मार्ग सुरू झाला नसता, तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या असत्या.

विषय ठरला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, वजन कमी करायचं ऑपरेशन पोटाचं, त्यात दातवाल्याचं काय काम? मलाही ते एका बाईंमुळे कळलं. ऑपरेशन हैदराबादला झालेलं. वजन उतरलं, साखरेची गोळी सुटली, घरचे खूश. तक्रार एकच, "डॉक्टरसाहेब, दात आंबल्यासारखे होतात, गार पाण्याची सणक डोक्यात जाते." आरसा आत घातला तर वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू झिजून गुळगुळीत. उलट्या होतात का? "भाकरी खाल्ली की होतातच." खालच्या दाढा दोन्हीकडे गायब! जठर एवढंसं उरलेलं. ज्वारीची भाकरी नीट न चावता गेली की अडकते, उलटून पडते, उलटीतलं आम्ल दात खातं. दात दुखले की चावणं आणखी कमी. त्यात बाई स्वच्छतेच्या पक्क्या, उलटी झाली की लगेच ब्रश. आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल त्याने आणखीच खरवडलं जायचं. साध्या पाण्याने चूळ भरा, अर्धा तास थांबा, एवढंही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चुका आपल्याही आहेत. दाढ काढली की आपला हात सवयीने डायक्लोफिनॅक लिहितो. जठराचा बायपास झालेल्या पेशंटला त्याने आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. पॅरासिटामॉलवर भागवा, सर्जनला फोन करा. जीभ लालभडक, ओठांचे कोपरे चिरलेले दिसले तर नुसतं मलम देऊ नका; बी-१२ आणि लोह तपासायला सांगा.

पाहुण्यांच्या हातातली बिदरी बघा. जस्ताच्या मिश्रधातूला किल्ल्यातल्या मातीने काळं करतात, चांदीची नक्षी मात्र तशीच लखलखते. इनॅमलला ती सवलत नाही. गेलं ते गेलं.

केसपेपरवर छापायची एक ओळ, 'वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालंय का?', मराठी, कन्नड आणि उर्दूत तयार करून बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना घेऊन जा. जेवणात शेंगापोळी आहे.